बाळंतपणानंतर एंडोमेट्रिओसिस पुन्हा दुखू लागलं तर: कोणत्या क्रमाने काय करायचं

"एक मूल होऊ दे, आपोआप थांबेल." एंडोमेट्रिओसिस असलेल्या बहुतेक बायकांनी हे सासरी, माहेरी आणि कधीकधी दवाखान्यातही ऐकलेलं असतं. गरोदरपणात पाळी बंद असते, म्हणून अनेकींचं दुखणंही थांबतं. पण एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजणं; ते अस्तर आणि त्यामुळे एकमेकांना चिकटलेले अवयव बाळंतपणाने नाहीसे होत नाहीत. पाळी परत आली की बऱ्याच जणींची कळही परत येते. तेव्हा कडेवर बाळ असतं, झोप अर्धवट असते, आणि जे हाताशी येईल ते आधी केलं जातं: मेडिकलमधून गोळी, मग जावेला लागू पडलेली हार्मोनची गोळी, मग सोनोग्राफी, मग "एकदाचं ऑपरेशनच करून टाकू".

यातली बरीचशी औषधं आपापल्या जागी योग्यच आहेत. घोटाळा होतो तो क्रमाचा. म्हणून खाली टप्पे दिले आहेत. डोस आणि शेवटचा निर्णय तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर ठरवायचा. इथे दिलंय ते त्यांच्यासमोर रिकाम्या हाताने जाऊन बसू नये म्हणून.

## टप्पा १: पाळी परत येण्याआधी फाइल लावून ठेवा

बाळाला वरचं दूध चालू असेल तर सहा-आठ आठवड्यांत पाळी येऊ शकते. फक्त अंगावर पाजत असाल तर ती काही महिने लांबते, कुणाकुणाची वर्षभरही. हा मधला काळ बिनदुखण्याचा जातो म्हणून फाइल कपाटात जाते. ती याच काळात पुरी करायची.

जमवायचे कागद असे. आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिच्या सविस्तर नोंदी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि मिळाल्यास चित्रफीत. "मला एंडोमेट्रिओसिस आहे" एवढं सांगून नव्या डॉक्टरांना फारसं काही कळत नाही; ते कुठे होतं, काय काढलं आणि काय तसंच ठेवलं, हे त्यांना हवं असतं. जुने सोनोग्राफी आणि एमआरआयचे रिपोर्ट. पूर्वी घेतलेल्या हार्मोनच्या औषधांची यादी, आणि प्रत्येकापुढे ते का बंद केलं याचं कारण.

सिझर झालं असेल तर आणखी एक गोष्ट करा. डिस्चार्ज कार्डावर बहुधा एका ओळीत सगळं उरकलेलं असतं. टाके दाखवायला जाल तेव्हा विचारा: "पोट उघडलं तेव्हा अंडाशयं किंवा आतडं चिकटलेलं दिसलं का? चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ, होती का?" उत्तर कार्डावरच लिहून घ्या. दोन वर्षांनी हे कुणाला आठवणार नाही.

तपासा: तांबी बसवली आहे का? बाळंतपण झाल्याझाल्या तांबी बसवण्याची सोय सरकारी रुग्णालयांत असते, काही खासगी ठिकाणीही असते. संमती घेतलेली असते, पण कळांच्या गडबडीत काय सही केली हे बाईच्या लक्षात राहत नाही. तांबीने पाळीतला रक्तस्राव आणि दुखणं वाढू शकतं, त्यामुळे एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईसाठी ती सहसा पहिली निवड नसते. कार्ड वाचा. तांबी असेल आणि त्रास होत असेल तर ती काढता येते. मात्र काढण्याआधी दुसरं गर्भनिरोधक ठरवून ठेवा.

इशारा: पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. अंगावर पाजण्यामुळे मिळणाऱ्या संरक्षणावर विसंबायचं तर तीन अटी एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी अजून न आलेली. एक जरी अट मोडली तरी गर्भनिरोधक लागतं, कारण स्त्रीबीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटतं.

## टप्पा २: हे दुखणं एंडोमेट्रिओसिसचंच आहे का, ते आधी ठरवा

जुना आजार माहीत असला की प्रत्येक कळ त्याच्या नावावर टाकली जाते. बाळंतपणानंतर हे धोक्याचं ठरू शकतं.

यातलं काहीही असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा: ताप आणि घाण वासाचा स्राव, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल असा रक्तस्राव, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, टाक्यांतून पू, ओटीपोटात अचानक उठलेली, उलटी आणणारी कळ. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा.

हे काही नसेल तर दुखण्याचा माग काढायचा.

पहिल्या काही दिवसांत बाळाला पाजताना येणाऱ्या कळा या गर्भाशय आकसण्याच्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या जास्त जाणवतात आणि साधारण आठवडाभरात ओसरतात.

संबंधाच्या वेळचं दुखणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींचा उपाय वेगळा. तोंडाशीच चरचर, जळजळ होत असेल तर ती बहुधा कोरडेपणाची किंवा टाक्यांची असते. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, म्हणून कोरडेपणा येतो. त्याला वंगणजेल आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम पुरतं. खोलवर, आत टोचल्यासारखं आणि नंतर तासन्‌तास रेंगाळणारं दुखणं मात्र एंडोमेट्रिओसिसकडे बोट दाखवतं. डॉक्टरांना नुसतं "दुखतं" सांगू नका. कुठे आणि किती वेळ, हे सांगा.

पाळीत रक्तस्राव आधीपेक्षा खूप वाढला असेल, गाठी पडत असतील, ओटीपोट जड वाटत असेल, तर अ‍ॅडिनोमायोसिसचा विचार करावा लागतो. त्यात हे अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच शिरलेलं असतं. दोन्ही आजार एकाच बाईला असणं मुळीच दुर्मीळ नाही.

टाक्यांजवळची गाठ. हे सगळ्यांत जास्त वेळा चुकतं, म्हणून इथे थोडं थांबू. सिझरच्या व्रणात किंवा त्याच्या टोकाशी एक टणक गाठ लागते. पाळी जवळ आली की ती फुगते, ठणकते. पाळी संपली की कमी होते. सिझरच्या वेळी गर्भाशयातलं अस्तर व्रणात रुजल्यामुळे ती तयार होते. खालून बाळंतपण होताना टाके घातले असतील तर तिथेही होऊ शकते. कधी काही महिन्यांनी दिसते, कधी काही वर्षांनी, त्यामुळे सिझरशी तिचा संबंध कुणी जोडत नाही. "टाक्याचा दोरा राहिलाय", "हर्निया आहे", "पू झालाय" असं म्हणून अँटिबायोटिक दिलं जातं. पाळी संपल्यावर गाठ आपोआपच उतरते आणि औषध लागू पडल्याचा समज होतो. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. ओळखायची खूण एकच: गाठ पाळीच्या तारखेप्रमाणे चालते का? चालत असेल तर व्रणाची सोनोग्राफी करून घ्या, आणि ती पाळीच्या दिवसांत केली तर जास्त चांगलं.

## टप्पा ३: दोन पाळ्यांची नोंद

अ‍ॅप लागत नाही. दुधाचा हिशेब लिहितो त्याच कालनिर्णयाच्या चौकटीत लिहिलं तरी चालतं. रोज लिहायचं ते इतकंच: दुखणं ० ते १० मध्ये किती, कुठे, किती पॅड लागले, शौचाला किंवा लघवीला जाताना दुखलं का, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि तासाभराने आकडा कितीवर आला. जोडीला त्या दिवशी काय करता आलं नाही तेही लिहा. "बाळाला आंघोळ घालायला वाकता आलं नाही" हे वाक्य डॉक्टरांना "खूप दुखतं" पेक्षा बरंच जास्त सांगतं.

पाळी नसलेल्या दिवसांची नोंद गाळू नका. दुखणं महिनाभर सारखंच असेल तर आजाराच्या जोडीला स्नायूंचा किंवा चिकटलेल्या आतड्याचा भाग असू शकतो, आणि मग नुसत्या हार्मोनने पुरं समाधान होत नाही.

इशारा: पाळीच्या दिवसांत शौचातून किंवा लघवीतून रक्त जात असेल तर दोन पाळ्या थांबायचं नाही. मूळव्याध आहे असं घरच्या घरी ठरवून टाकण्याची आपल्याकडे फार सवय.

## टप्पा ४: वेदनाशामक गोळी नीट घ्यायला शिका

बऱ्याच जणी म्हणतात, "गोळ्या लागूच पडत नाहीत." विचारलं तर कळतं, गोळी घेतली ती कळ दहापैकी नऊवर गेल्यावर. सूज कमी करणाऱ्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे कळ आणणारं रसायन, तयार होणं थांबवतात. आधीच तयार झालेल्यावर त्यांचा जोर चालत नाही. म्हणून:

१. पाळीची चाहूल लागताच, कळ वाढण्याआधी पहिली गोळी. बाळंतपणानंतर तारखा बेभरवशाच्या असतात, तेव्हा गोळी पर्समध्येच ठेवा.
२. काहीतरी खाऊन घ्या. उपाशीपोटी नको, संकष्टीच्या दिवशीही.
३. पहिले दोन-तीन दिवस घड्याळाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने. दुखेल तेव्हाच घ्यायची असा नियम या दिवसांत नाही.
४. त्यानंतर बंद.

अंगावर पाजताना इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन गोळ्या सर्वसाधारणपणे सुरक्षित धरल्या जातात. इबुप्रोफेन दुधात अगदी नगण्य उतरतं. पण त्यांचा हिशेब नीट ठेवा. बाजारात दोन्ही एकत्र असलेली गोळी सर्रास मिळते. ती घेऊन वर वेगळं पॅरासिटामॉल घेतलं की डोस नकळत दुप्पट होतो. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणं हाच उपाय.

मेफेनॅमिक आम्ल आणि डायसायक्लोमिन यांची जोडगोळी "पाळीची गोळी" म्हणून घरोघरी असते. अंगावर पाजत असाल तर ती घेऊ नका. त्यातलं डायसायक्लोमिन पाजणाऱ्या आईसाठी योग्य नाही. तान्ह्या बाळाच्या श्वासावर त्याचा परिणाम होऊ शकतो. नुसत्या मेफेनॅमिक आम्लाबद्दलही २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने सूचना काढली होती: गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप, लसिका ग्रंथींना सूज असं दिसलं तर ती लगेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं. निमेसुलाइड, कोडीन आणि ट्रॅमाडॉल पाजत असताना स्वतःच्या मनाने मुळीच नाही.

तपासा: जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार, गोळीने वाढणारा दमा, बाळंतपणात वाढलेला रक्तदाब यांपैकी काही असेल तर इबुप्रोफेनआधी विचारा. पावसाळ्यात ताप असताना पाळी आली तर डेंगी नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

गोळीच्या जोडीला शेक चांगला. फक्त सिझरच्या व्रणाभोवतीची कातडी कितीतरी महिने बधिर असते, चटका कळत नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच ठेवा. शेगडीचा धूर खोलीत साठू देऊ नका, तो बाळासाठी वाईट.

व्यायामातली एक नेहमीची चूक सांगते. बाळंतपणानंतर सगळ्यांना सरसकट केगेलचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचे, व्यायाम सांगितले जातात. पण वर्षानुवर्षं दुखणं सोसलेल्या बाईचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बरेचदा आधीच आखडलेले असतात. ते आणखी आवळले की दुखणं वाढतं. त्यांना सैल सोडायला शिकावं लागतं: पोटातून सावकाश श्वास, मांडी सैल सोडून बद्धकोनासन, बालासन. शहरात राहत असाल तर या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा तपासून घ्या आणि मगच केगेल.

## टप्पा ५: तपासण्या, हव्या तेवढ्याच

योनीमार्गे केलेली सोनोग्राफी ही पहिली तपासणी. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट आणि अ‍ॅडिनोमायोसिस तीत चांगलं दिसतं. पातळ पसरलेले डाग मात्र दिसत नाहीत. म्हणून "सोनोग्राफी नॉर्मल" याचा अर्थ "आजार नाही" असा होत नाही. आतड्यात किंवा मूत्राशयाशी खोल रुजल्याची शंका असेल तर एमआरआय.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत सिस्ट विचित्र दिसली म्हणून घाबरवलं गेलं असेल तर एक लक्षात ठेवा. गरोदरपणाच्या हार्मोन्समुळे चॉकलेट सिस्टचं आतलं अस्तर बदलतं आणि ती कधीकधी कर्करोगासारखी दिसते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करायची आणि तोवर निष्कर्ष काढायचा नाही. ती पुन्हा करायचीच, हेही तितकंच खरं.

सीए-१२५ ही रक्ततपासणी निदानासाठी कामाची नाही; पाळीत, गरोदरपणात आणि इतर अनेक कारणांनी ती वाढते. पैसे वाचवा आणि त्याऐवजी हिमोग्लोबिन बघा. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. चहाबरोबर घेऊ नका.

निदान पक्कं करायला दुर्बीण घालावीच लागते, हा नियम आता राहिलेला नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की लक्षणं, तपासणी आणि सोनोग्राफी-एमआरआयच्या आधारे उपचार सुरू करता येतात. "आधी दुर्बीण, मग बोलू" असं कुणी म्हणालं तर कारण विचारा.

## टप्पा ६: डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन उत्तरं कागदावर

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळ्या जणी तो गाळतात.

१. अंगावर पाजते आहे का, आणि अजून किती महिने पाजायचा विचार आहे?
२. पुढचं मूल हवं आहे का, आणि साधारण कधी? (दोन बाळंतपणांमध्ये पुरेसं अंतर राहावं म्हणून जागतिक आरोग्य संघटना पुढची गर्भधारणा किमान २४ महिन्यांनी व्हावी असं सुचवते.)
३. मला स्वतःला किंवा आई-बहिणीला रक्ताची गुठळी, प्रभा दिसून येणारी अर्धशिशी (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक किंवा नागमोडी रेषा दिसतात ती), उच्च रक्तदाब, स्तनाचा कर्करोग, बाळंतपणानंतरचं नैराश्य यांतलं काही झालं आहे का?

एकच औषध एका उत्तराला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरतं. नवरा बरोबर येणार असेल तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दवाखान्यात जाण्याआधी घरी ठरू द्या. डॉक्टरांसमोर "बघू" म्हणून भागत नाही.

## टप्पा ७: हार्मोनचा उपचार निवडणं

यातलं कुठलंही औषध आजार मुळासकट काढत नाही. ते अस्तराला डिवचणारं चक्र थांबवतं, आणि जोवर चालू आहे तोवर दुखणं दबतं. मुलासाठी प्रयत्न चालू असतील तर ही औषधं घेत नाहीत. सुरू करण्याआधी गरोदरपणाची चाचणी, पाळी आलेली नसली तरी.

गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनचं साधन. दिसायला तांबीसारखं, काम उलटं: रक्तस्राव आणि कळ दोन्ही कमी करतं. बाळंतपणानंतर चार आठवड्यांनी पुढे बसवता येतं, बरेच डॉक्टर सहा आठवडे थांबतात. अंगावर पाजताना चालतं. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं, गर्भनिरोधक म्हणूनही काम करतं. अ‍ॅडिनोमायोसिस आणि भरपूर रक्तस्राव असेल तर माझ्या मते पहिल्यांदा याच पर्यायाबद्दल विचारावं. दोन मर्यादा: पाजणाऱ्या बाईत बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचा, अगदी कमी असलेला धोका थोडा वाढतो, म्हणून अनुभवी हात हवा, आणि स्त्रीबीज सुटणं यात बहुतेक वेळा चालूच राहतं, म्हणून अंडाशयातल्या सिस्टवर भरवसा ठेवता येत नाही. पहिले तीन ते सहा महिने डाग लागत राहतात.

डायनोजेस्ट, रोज २ मिलिग्रॅम. एंडोमेट्रिओसिससाठीच बनलेली गोळी. खंड न पाडता, रोज एकाच वेळी. अंगावर पाजताना उत्पादक ती घेऊ नये असं सांगतात, त्यामुळे ती बहुधा दूध तुटल्यानंतरची निवड. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिल्या तीन महिन्यांत अवेळी रक्त जातं, तेव्हा "सोसत नाही" म्हणून गोळी सोडली जाते. खरं तर त्यानंतरच ते थांबायला लागतं. दुसरी, हिला गर्भनिरोधक समजलं जातं. तशी मान्यता या गोळीला नाही, निरोध वापरावा लागतो. मन उदास राहू लागलं तर ते बाळाच्या जागरणावर ढकलू नका, डॉक्टरांना सांगा.

नॉरएथिस्टेरॉन. सत्यनारायण किंवा लग्नकार्य आलं की पाळी पुढे ढकलायला घेतात ती हीच. एंडोमेट्रिओसिसमध्ये ती रोज, महिनोन्‌महिने दिली जाते. परिचयाची असल्यामुळे चिठ्ठीशिवाय घेतली जाते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो आणि या डोसात या गोळीचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. या काळात स्वतःहून घेऊ नका, मग कार्य कुणाचंही असो.

अंतरा. दर तीन महिन्यांनी घ्यायचं हार्मोनचं गर्भनिरोधक इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात मोफत. अंगावर पाजत असाल तर सहा आठवड्यांनंतर. पाळी अनियमित होऊन पुढे बरेचदा बंद होते आणि दुखणं उतरतं. पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. वर्षभरात दुसरं मूल हवं असेल तर हा रस्ता नाही. दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता उतरते, बंद केल्यावर ती भरून येते.

एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या, माला-एन आणि माला-डी या जातीच्या. यात इस्ट्रोजेन असतं. पाजणाऱ्या आईने पहिले सहा आठवडे मुळीच नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत टाळायच्या. धूम्रपान, रक्तदाब, गुठळ्या, प्रभा दिसणारी अर्धशिशी असेल तर नंतरही नाही. दुखण्यासाठी घेताना लोहाच्या सात गोळ्यांचा खंड न घेता सलग पाकिटं घेण्याची पद्धत आहे. ती डॉक्टरांना विचारून.

जीएनआरएच इंजेक्शन, ल्युप्रोलाइड वगैरे. पाजणं बंद झाल्यावरच. हे शरीराला तात्पुरत्या रजोनिवृत्तीत नेतात: अंगातून वाफा, कोरडेपणा, हाडांची झीज. पहिल्या काही दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं, हे आधी सांगितलं नाही तर बाई हादरते. साधारण सहा महिन्यांपर्यंत देतात. हाडं जपायला जोडीला थोडं हार्मोन देतात. ते चिठ्ठीवर नसेल तर विचारा.

छाया ही आठवड्याची गोळी गर्भनिरोधक म्हणून पाजणाऱ्या आईला चालते. एंडोमेट्रिओसिसचा उपचार म्हणून ती धरू नका.

इशारा: औषध सुरू करायचं म्हणून बाळाचं दूध एका दिवसात तोडू नका. छाती दाटून गळू होऊ शकतं आणि पाळी परतण्याची घाईही होते. वरच्या यादीत पाजताना चालणारे पर्याय आहेत. कुणी "आधी दूध बंद करा" म्हणालं तर "पाजताना चालणारा पर्याय माझ्या बाबतीत का नको?" हा प्रश्न विचारा.

## टप्पा ८: शस्त्रक्रिया कधी, आणि सहीआधी काय विचारायचं

औषध नीट घेऊनही दुखणं हटत नाही, औषध चालत नाही, आतडं किंवा मूत्रवाहिनी दाबली जाते आहे, सिस्ट मोठी किंवा शंकास्पद आहे, अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार.

व्रणातल्या गाठीला मात्र कापून काढणं हाच खरा उपाय. हार्मोनने ती तात्पुरती शांत होते. भोवतालचा थोडा निरोगी भाग घेऊन पूर्ण काढावी लागते, आणि खोल असेल तर पोटाच्या भिंतीला जाळी बसवावी लागू शकते. काढलेली गाठ बायोप्सीला गेलीच पाहिजे.

चॉकलेट सिस्टसाठी: नुसती सुईने रिकामी केली तर ती बहुधा पुन्हा भरते. सोलून काढली तर परत होण्याचं प्रमाण कमी, पण अंडाशयातली काही बीजंही जातात. पुढचं मूल हवं असेल तर आधी एएमएच (अंडाशयात किती बीजं उरली आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासा. हार्मोनची औषधं चालू असताना तो आकडा कमी दिसू शकतो, हे ध्यानात ठेवून. सर्जनला विचारा: डाग जाळणार की कापून काढणार? आतड्यापर्यंत गेलं असेल तर आतड्याचे सर्जन बरोबर असतील का? नंतर कोणतं हार्मोन देणार? मूल लगेच नको असेल तर शस्त्रक्रियेनंतर हार्मोन चालू ठेवल्याने दुखणं परतण्याचं प्रमाण कमी होतं. शस्त्रक्रिया झाली म्हणून औषध सोडणं ही इथली मुख्य चूक. खर्चाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा.

आता गर्भपिशवी काढण्याबद्दल. "दोन मुलं झालीत, आता पिशवी कशाला हवी?" हे वाक्य महाराष्ट्रात फार स्वस्त झालं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ मध्ये इतकं गाजलं की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एंडोमेट्रिओसिस हा पिशवीच्या बाहेरचा आजार आहे. बाहेरचं अस्तर तसंच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये, मूल नको असताना आणि बाकी उपाय थकल्यावर, ती काढण्याला अर्थ असतो. अंडाशयं मात्र वेगळा निर्णय: तरुणपणी दोन्ही काढली तर हाडं आणि हृदय दोघांना धोका, आणि बाहेरून हार्मोन घ्यावं लागतं.

तपासा: संमतीपत्रावर नेमकं काय काढणार हे लिहिलेलं आहे का? "गरज पडल्यास" या शब्दापुढे कंस करून काय काय, ते लिहून घ्या. पिशवी किंवा अंडाशयं काढण्याचा सल्ला असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही नको.

## टप्पा ९: तीन महिन्यांनी पुन्हा हिशेब

कोणताही हार्मोनचा उपचार तीन महिने नीट घेतल्याशिवाय नापास करू नका. गंभीर त्रास झाला तर गोष्ट वेगळी. तीन महिन्यांनी जुनी आणि नवी नोंद शेजारी ठेवा. दुखण्याचा आकडा निम्म्यावर आला, गोळ्या कमी लागल्या, बाळाला उचलता येऊ लागलं, तर चालू ठेवा. फरक नसेल तर आधी हे बघा: गोळ्या चुकल्या का, स्नायू आखडलेले आहेत का, शौचाचा त्रास वेगळा आहे का. त्यानंतर औषध बदलायचं, आणि तेही लागू पडलं नाही तर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा जिथे स्त्रीरोग, आतडं आणि मूत्रमार्ग असे तिन्ही सर्जन एकत्र बसतात असं केंद्र गाठायचं.

याच वेळी मनाचाही हिशेब घ्या. दोन आठवडे सलग रडू येत असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र आणि मोफत. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा.

दुसऱ्या मुलाचं ठरलं की औषध बंद करण्याची तारीखही डॉक्टरांबरोबर आधीच ठरवा. डायनोजेस्ट थांबवल्यावर किंवा गर्भाशयातलं साधन काढल्यावर पाळी सहसा लवकर परत येते, अंतराला महिने लागतात. औषध थांबलं की दुखणंही परत येऊ शकतं आणि प्रयत्नांच्या काळात हाताशी फक्त वेदनाशामक उरतात. पाळी चुकली असेल तर इबुप्रोफेन घेण्याआधी चाचणी करा. सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर वर्षभर वाट न पाहता वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा, आणि पहिल्या टप्प्यातली फाइल बरोबर न्या.